फराहबाग पाहावी कशी?

नगर हे बहुतेकांच्या प्रवासातले वाटेवरचे गाव असते. शिर्डी, शनिशिंगणापूर किंवा छत्रपती संभाजीनगरकडे जाताना इथे चहापाणी होते, गाडीत डिझेल भरले जाते आणि पुढचा रस्ता धरला जातो. थोडी सवड असणारे भुईकोट किल्ला आणि रणगाडा संग्रहालय पाहून घेतात. शहराच्या आग्नेयेला तीन-चार किलोमीटरवर निजामशाहीने पाण्याच्या मधोमध उभारलेला एक बागमहाल आहे. तिकडे मात्र फार थोडी पावले वळतात. ही फराहबाग. कोणी तिला फराहबक्ष म्हणतात, कोणी फरियाबाग.

जे जातात त्यांच्यापैकीही बरेच जण पंधरा मिनिटांत परत फिरतात. बाग म्हणून आले, तर फुलझाडे नाहीत. महाल म्हणून आले, तर गालिचे-झुंबरे नाहीत. गिलावा उडालेल्या भिंती, मोठाल्या कमानी आणि भोवती माळ एवढेच दिसते. हा लेख अशा निराश पाहुण्यांसाठी आणि अजून न गेलेल्यांसाठी आहे. सांगायचे आहे ते थोडक्यात असे : फराहबाग ही पाण्याची रचना आहे. इमारत हा त्या रचनेतला एक भाग आहे. पाणी कुठून आले, कुठे साठले आणि त्याने काय केले, या क्रमाने ती पाहिली तर ती उलगडत जाते आणि पंधरा मिनिटांच्या जागी दोन-तीन तास सहज जातात.

जाण्यापूर्वी

नगर जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस धो धो कोसळतो, पण नगर शहराच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण पाचशे ते सहाशे मिलिमीटरच येतो आणि तोही बेभरवशाचा. उथळ जमीन, खाली काळा कातळ, उन्हाळ्यात कोरडी पडणारी सीना नदी, असा हा मुलूख. इथे बाग करायची तर आधी पाण्याची व्यवस्था करावी लागते, झाडे त्यानंतर.

आणि याच मुलखात एका राजधानीची सुरुवात बागेपासून झाली. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. विजयाच्या जागी त्याने बाग आणि वाडा उभारला. ती ‘बाग निजाम’. १४९४ मध्ये तिच्याच जवळ शहराची पायाभरणी झाली. पुढे बागेच्या ठिकाणी भुईकोट किल्ला आला. १५०६ च्या सुमारास शहराच्या उत्तरेला आणखी एक बाग झाली. तिचे पहिले नाव फैजबक्ष, पुढचे हश्त बिहिश्त. सावेडीच्या बाजूचा भिस्तबाग परिसर आपल्याला तिच्यामुळेच ओळखीचा आहे.

फराहबाग त्या मानाने उशिराची. मुर्तझा निजामशहा पहिला याच्या कारकिर्दीत (१५६५–१५८८) तिचे काम चालू झाले. पहिली रचना सुलतानाच्या पसंतीला उतरली नाही. ती बदलून नव्याने बांधकाम झाले आणि १५८३ मध्ये मंत्री सलाबतखानाच्या देखरेखीखाली ते पूर्ण झाले, असे जुन्या नोंदींतून दिसते. त्या वेळी निजामशाही भरभराटीला आली होती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला होता, १५७४ मध्ये वऱ्हाडही ताब्यात आला होता. दरबारात इराणी विद्वान, कारागीर आणि सरदारांची ये-जा होती. त्यामुळे फराहबागेच्या आराखड्यात इराण आणि दख्खन दोघेही सापडतात.

वाचनाची आवड असेल तर पुष्कर सोहोनी यांचे निजामशाही वास्तुकलेवरचे २०१८ साली आलेले इंग्रजी पुस्तक आणि १८८४ चे अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर चाळून जावे. वाचायला वेळ नसेल तर वरच्या चार-पाच सनावळ्या लक्षात ठेवल्या तरी पुरे.

केव्हा आणि कसे जावे

पुण्याहून नगर साधारण एकशे वीस किलोमीटर आहे. एसटीने आलात तर माळीवाडा बसस्थानकावरून रिक्षा करावी. रेल्वेने आलात तर स्टेशन शहराच्या दक्षिणेला आहे आणि फराहबाग तिथून जवळ पडते. रिक्षावाल्याला ‘सोलापूर रस्त्याकडची फराहबाग’ असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो तुम्हाला भिस्तबाग चौकात, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला नेऊन सोडेल. परतीसाठी रिक्षा थांबवून ठेवणे किंवा वेळ ठरवून बोलावणे सोयीचे.

हा सारा परिसर लष्करी छावणीचा आहे. ओळखपत्र जवळ ठेवावे, वाटेवरचे फलक वाचावेत, अडवले तर वाद न घालता विचारावे. ड्रोन अजिबात नेऊ नये. त्या दिवशी आत जाता येते का, डागडुजीचे काम चालू आहे का, हे आदल्या दिवशी गावातल्या माहीतगाराकडून किंवा ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातून विचारून घेतले तर हेलपाटा वाचतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे दिवस फिरायला सर्वांत चांगले. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर कमानींतून तिरपे ऊन आत येते आणि गिलाव्यावरची उरलेली नक्षी त्या उजेडात स्पष्ट दिसते. पावसाळ्यात माळ हिरवा होतो, पण पायऱ्या निसरड्या होतात आणि गवतात साप-विंचवांची धास्ती असते. पायात बंद बूट हवेत. मात्र प्रकृती ठणठणीत असेल, तर एप्रिल-मे महिन्यातली एखादी सकाळही या जागेला द्यावी. माळावर ऊन चढू लागते त्या वेळी बाहेरून कमानीच्या आत पाऊल टाकले की अंगाला फरक कळतो. ही इमारत कशासाठी होती, याचे उत्तर त्या पावलात मिळते. अशा वेळी टोपी, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या आणि खाण्याचे पदार्थ बरोबर असलेच पाहिजेत. जवळपास दुकान असेल अशा भरवशावर जाऊ नये. दहा-साडेदहाच्या आत मात्र तिथून निघावे.

आत शिरण्याआधी एक फेरी

पोहोचल्याबरोबर थेट महालात घुसण्याचा मोह टाळा. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. इमारतीभोवतीची खोलगट जागा नीट पाहा. तो तलाव होता. जुन्या गॅझेटियरमध्ये या पाण्याची रुंदी सुमारे दीडशे फूट दिली आहे. चहूबाजूंनी पाणी, मध्ये उंच जोते, जोत्यावर महाल आणि आत जायला एक अरुंद वाट, अशी ही मांडणी.

आता तलाव भरलेला आहे असे समजून उलट्या बाजूला उभे राहा. दोन मजली कमानींचे प्रतिबिंब पाण्यात कुठपर्यंत आले असते, वारा कोणत्या दिशेने पाण्यावरून महालात शिरला असता, संध्याकाळची किरणे कुठे पडली असती, हे डोळ्यांनी मोजा. बांधणाऱ्यांनी हा हिशेब केलेला होता. तलावाच्या कडेचे दगडी बांधकाम जिथे शाबूत आहे, तिथे पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटा शोधा. फेरीला अर्धा तास लागला तरी लागू द्या, कारण पुढचे सारे तिच्यामुळे समजते.

महालात काय पाहावे

आराखडा अष्टकोनी आहे. नीट सांगायचे तर कोपरे कापलेला चौरस. चार मुख्य बाजूंना दोन मजल्यांइतक्या उंच, समोरून सताड उघड्या कमानदार ओसऱ्या आहेत. इराणी वास्तुकलेत त्यांना इवान म्हणतात. मध्ये घुमटाचे उंच दालन आणि भोवती लहान खोल्या. मधले एक दालन आणि भोवतीचे आठ भाग, या मांडणीला इराणी परंपरेत हश्त बिहिश्त, म्हणजे आठ स्वर्ग, असे नाव आहे. दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीतही हाच विचार आहे. इस्फहानमध्ये या नावाचा प्रसिद्ध महाल १६६९ चा, आणि नगरची फराहबाग त्याच्या ८६ वर्षे आधीची. नगरच्या माळावर उभे राहून हे ध्यानात घेतले की आपल्या जिल्ह्याचे जगाशी असलेले नाते किती जुने आहे ते कळते.

मधल्या दालनात उभे राहून प्रत्येक दिशेला पाहा. चारही बाजूंना कमानीतून आकाश आणि मोकळी जागा दिसते. त्या काळी पाणी दिसत असे. पाण्याला लागून आलेली हवा उघड्या कमानींतून आत यायची. बाष्पीभवनामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षा थंड असायची. आतली गरम हवा उंच घुमटाकडे चढायची आणि जाड भिंती दिवसाचे ऊन सहज आत येऊ द्यायच्या नाहीत. विजेशिवाय चालणारी ही गारव्याची व्यवस्था होती. आज घरे बांधणाऱ्यांनी आणि वास्तुकला शिकणाऱ्यांनी फराहबाग पाहावी ती प्रामुख्याने यासाठी.

मग भिंतींजवळ जा. बांधकाम अनघड दगडांचे, वर चुन्याचा जाड गिलावा. कमानींच्या खांद्यांवर गिलाव्यातच कोरलेली गोल पदके आणि वेलबुट्टी जिथे टिकली आहे, तिथे थांबून पाहा. दगडी कोरीवकामाची सवय असलेल्या डोळ्यांना ही नक्षी आधी फिकी वाटते. पण ओला चुना सुकण्याआधी हात चालवावा लागतो, चूक झाली तर ती खरवडून पुन्हा लेप द्यावा लागतो, हे लक्षात घेतले की तिची किंमत कळते. जिथे गिलावा गेला आहे तिथे भिंत कशी रचली आहे ते दिसते. लाकडी तुळया बसवलेल्या खाचाही शोधता येतात. ज्याला आपण पडझड म्हणतो, ती अभ्यासणाऱ्याला भिंतीच्या आतले दाखवते.

वरच्या मजल्यावर जाणारे जिने अरुंद आणि अंधारे आहेत. मोबाइलची बॅटरी पुरते, तरी पायऱ्या झिजलेल्या असल्याने एका वेळी एकानेच चढावे. कठड्याशिवायच्या कडांवर उभे राहून फोटो काढू नयेत. वटवाघळे असतील तर त्यांना उठवू नये. वर जायला मनाई असेल तर हट्ट न करता खाली बसावे. महालाचे खरे सौंदर्य मधल्या दालनात आहे, त्यामुळे फारसे काही हुकत नाही.

पाण्याची वाट

एवढे पाणी आणले कुठून? शहराच्या उत्तरेला आणि पूर्वेला टेकड्या व उंचवट्याचा प्रदेश आहे. तिकडच्या कापूरवाडी, शेंडी, वडगाव, भिंगार अशा गावांच्या हद्दीतले झरे, विहिरी आणि तळी यांचे पाणी निजामशाहीने नळांनी शहरात, किल्ल्यात आणि बागांत खेळवले. हेच खापरी नळ. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवायचे, सांधे आणि भोवतालचा भाग चुन्याच्या बांधकामात बंदिस्त करायचा आणि सगळी रांग जमिनीखालून हलक्या उतारावर न्यायची. वाटेत जागोजागी उच्छ्वास असत. हे बुटके मनोरे कोंडलेली हवा सोडायचे आणि पाण्याचा दाब सांभाळायचे. मोट, पंप किंवा जनावर यांपैकी कशाचीही गरज नसे. पाणी उताराने आपसूक चालत येई.

इराणच्या वाळवंटी भागातली कनात पद्धतही पाणी असेच जमिनीखालून उतारावर आणते. काशान शहराजवळची फिन बाग वाळवंटाच्या कडेला आहे, ती अशाच पाण्यावर शतकानुशतके टिकली. २०११ मध्ये युनेस्कोने इराणमधल्या नऊ बागांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यांत ती आहे. तिथे पाणी अजून वाहते. नगरला पाण्याच्या वाटा तुटल्या आणि बाग सुकली. दोन्हींमधला फरक कलेचा नाही, देखभालीचा आहे. फराहबाग पाहून परतताना प्रत्येकाने हा विचार बरोबर न्यावा.

मुलांना नेणार असाल तर त्यांना एकच काम द्या : पाणी कुठून आले आणि कुठे गेले याचा नकाशा काढायचा. महालाचे चित्र काढायला सांगितले की ती पाच मिनिटांत मोकळी होतात. पाण्याची वाट शोधायला सांगितली की तळ्याचा काठ, कोपरे, उतार सारे धुंडाळतात. शिक्षकांनी सहलीआधी वर्गात एका रबरी नळीने पाणी वरून खाली कसे येते ते दाखवले तर प्रत्यक्ष जागेवर मुलांना फार समजावावे लागत नाही.

शांत बसण्यासाठी

फराहबागेशी मुर्तझाचे नाव जोडलेले आहे ते एकांताच्या ओढीसाठी. आपल्या कारकिर्दीची अनेक वर्षे त्याने लोकांना न भेटता काढली आणि कारभार मंत्र्यांवर सोपवला. तो इथे दिल्लीच्या एका गायकाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे आणि त्या गायकासाठी त्याने बागेत लकडमहाल बांधला, अशी नोंद गॅझेटियरमध्ये आहे. त्याचा शेवट वाईट झाला. १५८८ मध्ये मुलानेच त्याला हमामखान्यात कोंडून मारले. राज्य सांभाळण्याच्या वयात एकांतात दडलेल्या राजाची ही कथा आहे. पण रोजच्या कामात बुडालेल्या आपल्यासारख्यांना तासाभराचा एकांत लाभदायकच ठरतो.

त्यासाठी मधल्या दालनाच्या एखाद्या कोपऱ्यात, भिंतीला न टेकता, सतरंजी टाकून बसा. मोबाइल बंद ठेवा. गाणी लावू नका. घुमटाखाली आवाज घुमतो, त्यामुळे एका गटाचा गोंगाट सगळ्यांना सोसावा लागतो. पारवे घुमतात, बाहेरून एखादा ट्रक ऐकू येतो, वारा कमानींतून फिरतो. चित्र काढणाऱ्यांनी वही आणावी. ज्येष्ठांसाठी घडीची छोटी खुर्ची आणली तर तेही निवांत थांबू शकतात. डबा खायचा असेल तर बाहेर झाडाखाली बसून खावा आणि कचऱ्याची पिशवी परत न्यावी.

दिवस हाताशी असेल तर

फराहबागेनंतर किल्ल्याजवळची दमडी मशीद पाहावी. १५६७ ची ही लहानशी वास्तू घडीव दगडाची आहे. फराहबागेतला चुना पाहून आल्यावर इथले दगडातले नाजूक काम अधिक डोळ्यांत भरते. दिल्ली दरवाजाबाहेर बागरोजा आहे, राज्याचा संस्थापक मलिक अहमद याची काळ्या दगडातली कबर. तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामराजाला पकडणाऱ्या हत्तीचे थडगेही याच आवारात दाखवतात. शहरातल्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुनी कागदपत्रे पाहायला मिळतात. सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा.

दुपारी जेवून थोडी विश्रांती घ्यावी आणि संध्याकाळसाठी दोनपैकी एक वाट निवडावी.

पहिली पाथर्डी रस्त्याची. साधारण तेरा किलोमीटरवर शहाडोंगरावर एक तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. सगळे तिला चांदबिबी महाल म्हणतात, पण ती कबर आहे सलाबतखानाची, फराहबाग पुरी करणाऱ्याची. वरून सारा मुलूख नजरेत येतो आणि पाणी उतारावरून शहराकडे कसे आणले असेल ते इथून समजते. पूर्वेला भातवडीचे तळे आहे. १६२४ च्या लढाईत मलिक अंबरने त्याच तळ्याचे पाणी शत्रूच्या छावणीवर सोडले आणि शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. अंधार पडण्याआधी डोंगर उतरावा.

दुसरी वाट दौंड रस्त्याची. नऊ-दहा किलोमीटरवर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. १९२३ मध्ये मेहेरबाबा इथे आले तेव्हा ही जागा म्हणजे उजाड माळ आणि लष्कराने सोडलेल्या जुन्या इमारती होत्या. आज टेकडीवर त्यांची समाधी आहे आणि भोवती झाडी. समाधीच्या आतल्या भिंतींवर हेलन डाम या स्विस चित्रकर्तीने काढलेली चित्रे आहेत. सकाळ-संध्याकाळ आरती होते. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळले. त्यामुळे इथे शांतता ही पाहुण्यांकडूनही अपेक्षित असते. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. ३१ जानेवारीच्या अमरतिथीला देशोदेशीचे भाविक येतात. एकांत हवा असेल तर ते दिवस टाळावेत. नगरच्या माळावर जतन आणि देखभाल सातत्याने झाली तर काय होऊ शकते, हे फराहबाग पाहिल्या दिवशीच इथे पाहायला मिळते.

आपल्याकडून एवढे व्हावे

भिंतीवर नाव कोरू नये हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, पण सांगायला हवे. संरक्षित स्मारकाची नासधूस हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. गिलाव्याचा सुटलेला तुकडा आठवण म्हणून उचलू नये. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी येणाऱ्यांनी रंगीत धुराच्या कांड्या, खिळे आणि फुलांच्या कमानी आणू नयेत. चुन्यावर पडलेला डाग निघत नाही.

याखेरीज दोन कामे प्रत्येकाला जमण्यासारखी आहेत. पहिले, तडा, नवी पडझड किंवा कोरलेले नाव दिसले तर तारखेसह फोटो काढून पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे. तक्रारीच्या कागदावर काम पुढे सरकते, हळहळीवर नाही. दुसरे, पुढच्या वेळी जाताना बरोबर एका नगरकराला न्यावे. सोलापूर रस्त्याने रोज ये-जा करूनही फराहबागेत पाऊल न ठेवलेली माणसे या शहरात पुष्कळ आहेत. गावच्या लोकांना जी वास्तू आपली वाटते, तिच्यासाठी निधी मागणारे आवाज उठतात आणि तिच्या तळ्यात पुन्हा पाणी आणण्याची चर्चा निदान सुरू होते. येत्या हिवाळ्यातला एक रविवार त्यासाठी राखून ठेवा.